बिलावर नाव कुणाचं?



आमच्या शेवगावच्या नव्या घराचा गृहप्रवेश २०२४ च्या अक्षय्य तृतीयेला झाला. महासतीजींनी मांगलिक दिलं, नवकाराचा जाप झाला, पाहुणे जेवून गेले. त्यानंतर जुलैतल्या एका दुपारी आमचा वायरमन दारात येऊन म्हणाला, "काकू, तुमची लाईट कापायचा मेसेज आलाय."

लाईट कापायची गोष्ट माझ्या डोक्यात नंतर शिरली. पहिला प्रश्न मी हाच विचारला, की आमच्या घराचा मेसेज तुझ्या मोबाईलवर कसा आला?

झालं होतं असं. जुनं घर पाडून त्याच जागेवर दोन मजली बांधलं. खाली आम्ही दोघं आणि सासूबाई, वरचा मजला मुलासाठी. मुलगा पुण्याला, सणावाराला येणार. दोन मजले म्हणून दोन मीटर, खालचा माझ्या नावावर, वरचा मुलाच्या. अर्ज वायरमनने भरले. आम्ही फक्त सह्या केल्या, आणि मोबाईल क्रमांकाच्या रकान्यात त्याने स्वतःचा क्रमांक टाकला, "म्हणजे तुम्हाला त्रास नको." मुलाने पुण्याहून कौतुकाने पाच हजार रुपये आगाऊ भरले, पण वरच्या मीटरच्या क्रमांकावर. आमच्या ह्यांनी दोन्ही बिलं न उघडता ड्रॉवरमध्ये ठेवली, कारण "मुलाने भरलंय". वरच्या बिलावर उणे रक्कम, खालच्या बिलावर दोन महिन्यांची थकबाकी, आणि नोटिशीचा मेसेज वायरमनला. यात चूक दुसऱ्या कुणाची नव्हती, आमच्याच घरची होती.

हे म्हणाले, "चार हजार रुपये आहेत, भरून टाक आणि विषय संपव." पैसे मी त्याच दिवशी भरले, कारण ते देणं खरंच आमचं होतं. विषय मात्र संपवला नाही. मी १९८१ साली नगरला बी.कॉम. झाले. पुढच्या वर्षी लग्न होऊन शेवगावला आले, आणि तेव्हापासून माझी जमाखर्चाची विद्या किराणा, भिशी आणि महिला मंडळाच्या वर्गणीपुरती राहिली. आता पहिल्यांदा एक खातं माझ्या नावाचं होतं आणि तेच थकबाकीत होतं. मला ते मुळापासून समजून घ्यायचं होतं. महिनाभर मी कागद काढले, मुलाकडून कायदे मागवून वाचले, आणि वाचता वाचता इतिहासातच शिरले. तोच आज सांगते.

सुरुवात सासूबाईंच्या पत्र्याच्या डब्यापासून करावी लागेल. बिस्किटांचा जुना डबा, त्यात घराच्या पावत्या. सर्वांत जुनी विजेची पावती १९६८ ची, अनामत रकमेची, आमच्या आजेसासऱ्यांच्या नावाची. आजेसासरे १९७९ साली गेले. मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही. पण जवळजवळ चाळीस वर्षं मी या घराची बिलं भरली ती त्यांच्या नावाची. सासरे होते तोवर त्यांनी नाव बदललं नाही, नंतर ह्यांनी बदललं नाही. मी एकदा विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे ना. त्यांचं नाव आता अजून कुठल्या कागदावर येतंय?" यावर मी काय बोलणार?

सासूबाई १९५५ साली या घरात आल्या तेव्हा कंदील होते. चौविहार पाळणारं घर, सूर्यास्ताआधी जेवणं उरकलेली, त्यामुळे दिव्याची गरज फारशी कुणाला वाटली नाही असं त्या सांगतात. गावात खांब आधी आले, आमच्या घरात मीटर नंतर लागला. आजेसासऱ्यांची मुख्य शंका वेगळीच होती. कपाशी तोलून घेणारा माणूस, काट्यावर नजर ठेवून जन्म गेलेला. त्यांनी विचारलं म्हणे, "वस्तू दिसत नाही, हातात येत नाही, मग मोजली कशी? आणि माप खोटं असलं तर दाद कुणाकडे मागायची?"

मैत्रिणींनो, मला वाटतं विजेच्या खात्याचा सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे. आपण प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार म्हणतो, त्यात खोटं तोल आणि खोटं माप येतं. आपल्या पूर्वजांनी दुकानदाराला ताकीद दिली होती. विजेच्या बाबतीत दुकानदार भलामोठा आणि गिऱ्हाईक एकटं, त्यामुळे ताकीद कायद्याला द्यावी लागली.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली, तीच पुढे आपली बेस्ट. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून १९१५ साली मुंबईला पाण्यावरची वीज मिळू लागली. हे सगळं आपण शाळेत थोडंफार शिकलो. १९१० च्या भारतीय वीज कायद्याबद्दल मात्र आपल्याला कुणी सांगितलं नाही, आणि गृहिणीच्या कामाची गोष्ट तिथेच आहे. त्या कायद्यात लिहिलं होतं की मीटर बरोबर आहे की चूक यावर वाद झाला तर निवाडा कंपनीने करायचा नाही, सरकारी विद्युत निरीक्षकाने करायचा. मीटर चुकीचा निघाला तर मागची आकारणी जास्तीत जास्त सहा महिन्यांपर्यंतच दुरुस्त होणार. बिल थकलं तरी सात दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडायची नाही. इंग्रजांच्या राज्यात, मोजक्या शहरांत मोजक्या घरी वीज असताना, माप घेणारा आणि मापाचा न्याय करणारा वेगळा असावा हे कायद्यात आलं होतं. आजेसासऱ्यांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी मीटर आणखी चार वर्षं आधी घेतला असता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळं आली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० चं, आपल्या राज्याच्याच वयाचं. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली. मंडळाने खेडोपाडी खांब नेले, डोंगरातल्या वाड्यांवर नेले, आणि या कामाला मी मनापासून हात जोडते. कंदिलाची काच रोज राखेने घासणाऱ्या बाईला या उपकाराची किंमत विचारा. पण खात्याच्या बाजूने पाहिलं तर एक गोष्ट हातातून गेली. वीज तयार करणारं मंडळ, वाहून आणणारं मंडळ, विकणारं मंडळ आणि दर ठरवणारंही मंडळच. बिलाबद्दल काही विचारायचं तर त्याच दारात. निरीक्षक कायद्यात होते, पण तालुक्याच्या गावातली कुठली बाई त्यांच्यापर्यंत गेली असेल? आमच्या लहानपणी "लाईटबिल आलं" हे वाक्य "पाऊस आला" यासारखं म्हणायचे. येतं, भरायचं असतं.

आपल्याच नगर जिल्ह्यात एक वेगळा प्रयोग झाला होता, आणि माझं माहेर राहुरीचं असल्यामुळे तो मी जवळून पाहिला. १९६९ मध्ये केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन केला. साखर, दूध सहकारातून होतं तशी वीजही सहकारातून वाटता येईल का, हे पाहायला देशात पाच ठिकाणी सहकारी वीज संस्था काढायचं ठरलं. कर्नाटकात हुक्केरी, गुजरातेत कोडीनार, आंध्रात (आताच्या तेलंगणात) सिरसिल्ला, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. श्रीरामपूर आणि राहुरी तालुके, शिवाय शेजारच्या नेवासा, संगमनेर भागांतली काही गावं तिच्याकडे. संस्था मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि सभासदांना किरकोळ विकायची. किराणा दुकानासारखंच. आमच्या माहेरी बिलावर संस्थेचं नाव यायचं आणि आम्ही शाळकरी मुली शेवगाव-पाथर्डीच्या मावसबहिणींना ऐटीत सांगायचो की आमची वीज आमची स्वतःची आहे.

घाऊक घेऊन किरकोळ विकणाऱ्याचं जे होऊ शकतं ते पुढे झालं. शेतीपंपांची वसुली कमी, घाऊक बिल वाढतं, आणि संस्थेकडची थकबाकी वर्षानुवर्षं फुगत गेली. वाद आयोगापुढे आणि कोर्टात गेले. संस्थेचा परवाना ३१ जानेवारी २०११ ला संपला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या भागाचा वीजपुरवठा महावितरणकडे गेला. त्या फेब्रुवारीत मी माहेरी होते. भाभीने जुन्या पावत्यांची फाईल काढून जेवणाच्या टेबलावर मांडली होती. वीज तीच, खांब तेच, मीटर तोच, फक्त ज्याच्याकडे आपलं खातं तो बदलला. भाऊ हसत होता, पण भाभीचं बरोबर होतं. दुकानाचा मालक बदलला की उधारीची वही आणि अनामत दोन्ही तपासून घ्यावी लागते.

मग गिऱ्हाईकाला बोलायचा हक्क आला कुठून? तो वरून कुणी दिलेला नाही. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. मुंबईत मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि तिच्या सामुदायिक खरेदीच्या वाटपात तर आपल्यासारख्या गृहिणीच पुढे असायच्या. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "सेवा" या शब्दाच्या व्याख्येत वीजपुरवठा स्पष्ट लिहिला गेला. म्हणजे वीज घेणारी बाई कायद्याने ग्राहक झाली.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण ती शुद्ध हिशेबाची आहे. १९९८ च्या कायद्यानुसार १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आला. आता दर वाढवायचे तर मंडळाने आपले हिशेब आयोगापुढे मांडायचे, ते लोकांना पाहता येणार, आणि कुणीही उभं राहून हरकत घेऊ शकणार. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाची महाग वीज तेव्हा घराघरांत चर्चेची होती, त्यामुळे लोक जागे होते. मंडळ वर्षानुवर्षं सांगत आलं होतं की वाटेत गळती होते ती १८ टक्क्यांच्या आसपास. पुण्याची प्रयास संस्था, ग्राहक पंचायत आणि इतर जाणकारांनी आकडे मागितले, ताळा घातला. शेतीपंपांना मीटर नव्हते, म्हणून शेतीला किती वीज गेली हा आकडा अंदाजाने लिहिलेला होता, आणि हिशेबात न बसणारी बरीच वीज त्या अंदाजात सामावलेली होती. ताळा घातल्यावर गळती ३० टक्क्यांच्या वर निघाली. ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना हे लगेच कळेल. मालाची तूट "गिऱ्हाईकाला दिला" या खात्यात लिहिली की दुकान कागदावर फायद्यात दिसतं. आम्हाला दुसऱ्या वर्षाला सरांनी हेच शिकवलं होतं, की जुळत नसेल तर उचंती खातं उघडा, पण ते कायम उघडं ठेवू नका.

२००३ चा वीज कायदा आला आणि ६ जून २००५ ला मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. वीज तयार करायला महानिर्मिती, वाहून आणायला महापारेषण, आपल्या दारापर्यंत द्यायला महावितरण, आणि वर एक सूत्रधारी कंपनी. तक्रारीसाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल. आपला नगर जिल्हा नाशिक परिमंडळात येतो. मंचाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, आणि वकील लावावाच लागतो असं नाही.

या कायद्याची काही कलमं मी वहीत उतरवून घेतली आहेत. कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस हवी. १९१० ला सात होते, म्हणजे शंभर वर्षांत आठ दिवस वाढले! रक्कम तुम्हाला मान्य नसेल तर ती, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती "हरकत नोंदवून" भरता येते, आणि वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. एखादं देणं बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलं जात नसेल, तर ते दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. आणि कलम ४७ प्रमाणे आपल्या अनामत रकमेवर व्याज मिळतं, ते बिलात जमा होतं. माझ्या महिला मंडळात २२ जणी आहेत, मी विचारलं, हे व्याज कुणी बिलात शोधलं आहे का? एकीने हात वर केला, आणि ती बँकेतून निवृत्त झालेली होती.

नवीन घर बांधणाऱ्यांसाठी आणखी एक. केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत नवीन जोडणीला मुदती ठरवल्या होत्या, त्या फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी कमी केल्या. महानगरात ३ दिवस, नगरपालिका हद्दीत ७, ग्रामीण भागात १५. मीटर जास्त पळतो अशी तक्रार केली तर ५ दिवसांत शेजारी पडताळणीचा दुसरा मीटर लावून निदान तीन महिने दोन्ही मीटरांचं वाचन ताडून पाहायचं, हेही त्याच दुरुस्तीत आहे. आजेसासऱ्यांच्या शंकेला मला तरी एवढं सरळ उत्तर पहिल्यांदाच सापडलं. एक काटा खोटा वाटला तर शेजारी दुसरा ठेवा.

आता जुन्या नावाची गोष्ट. माझ्या भाचीने पाथर्डीला जुनं घर घेतलं, पाडून नवीन बांधायचं म्हणून. आधीच्या मालकाची विजेची बाकी होती. ती मला फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली, "मावशी, वीज वापरली त्यांनी, मी कशी देणार?" हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे आणि उत्तर एका पिढीत पालटलं आहे. १९९५ मध्ये ईशा मार्बल्सच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं होतं की नव्या मालकाचा जुन्या ग्राहकाच्या कराराशी संबंध नाही, त्याच्याकडून ती बाकी मागता येणार नाही. पण नंतर राज्याराज्यांनी आपल्या पुरवठा नियमांत लिहायला सुरुवात केली की बाकी त्या जागेला चिकटते. १९ मे २०२३ ला के. सी. निनान यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे नियम वैध ठरवले. आपल्या महाराष्ट्राच्या २००५ च्या संहितेत मात्र विकत घेणाऱ्याला एक दिलासा होता, जुन्या बाकीपैकी जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच आकारणी त्याच्यावर येत होती. वारसाला ही सवलत नव्हती. वारसाने घर घेतलं तसं देणंही घेतलं. भाचीला मी सांगितलं, आधी संहिता वाच, मग रड. आणि तुम्हाला सांगते, जागेच्या खरेदीखतावर सही करण्याआधी घरपट्टीची पावती मागता ना, तसं शेवटचं वीजबिलही मागा.

आमच्याकडे अशी बाकी नव्हती. घर पाडायच्या आधी जुना मीटर बंद करायचा अर्ज दिला, त्यासाठी वारसांचे कागद जमवताना मात्र ह्यांचे दोन महिने गेले. ४५ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा मृत्यूचा दाखला शोधायचा होता. एवढा वेळ गेला तो केवळ "राहू दे ना" या तीन शब्दांमुळे. सासूबाईंना मी हे बोलून दाखवलं नाही.

आता आमच्या खात्याकडे परत येते, कारण अडचण पैसे भरून संपली नव्हती. थकबाकी भरली, मोबाईल क्रमांक बदलून माझा लावून घेतला, वरच्या खात्यावरची आगाऊ रक्कम पुढच्या बिलांत आपोआप वळती होणार होती. मी दोन्ही बिलं शेजारी ठेवून सवयीने बेरजा करायला लागले, आणि वरच्या बिलावर अडले. त्या महिन्यात १४० युनिट. वरचा मजला कुलूपबंद, फ्रीजही बंद. मग १४० युनिट कुणी वापरली?

घरी मीटर तपासायची सोपी रीत आहे. आताच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, जेवढा वापर जास्त तेवढा भरभर. मी वरच्या मजल्याचा मेन स्विच खाली पाडला, लुकलुक चालूच. खाली येऊन गीझर बंद केला, तर वरच्या मीटरचा दिवा मंदावला. स्वयंपाकघराचा स्विच पाडला आणि तो थांबला. आमचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वरच्या मीटरवर होतं!

वायरमनला बोलावलं. मला वाटलं चूक झाली असेल. तो हसून म्हणाला, "चूक नाही काकू, मुद्दाम केलंय. दोन मीटरवर विभागलं की स्लॅबमध्ये बसतं. सगळे करतात. काकांना माहिती आहे." मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपर वाचत होते.

मी कागद घेऊन मांडलं. घरगुती दराच्या पायऱ्या अशा आहेत, पहिली १०० युनिट सगळ्यांत स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्यापुढे. आमची खालची २१० आणि वरची १४०, म्हणजे खऱ्या एका घराची ३५०. एका मीटरवर असती तर १०० स्वस्त दराने, २०० मधल्या, ५० तिसऱ्या. दोन मीटरवर विभागल्यामुळे २०० युनिट स्वस्त दराने आणि १५० मधल्या. म्हणजे १०० युनिट आम्ही स्वस्तातली घेतली जी आम्हाला देऊ केलेली नव्हती. ती पहिली पायरी कुणासाठी आहे? एक पंखा, दोन दिवे आणि टीव्ही असलेल्या घरासाठी. तिची किंमत कमी ठेवता यावी म्हणून वरच्या पायऱ्या महाग आहेत. कायद्यात हे कुठल्या कलमात बसतं ते मी शोधायला गेले नाही. आपल्याकडे यासाठी शब्द आहे, अदत्तादान. दिलं नाही ते घेणं. आकडा टाकून घेणाऱ्याला आपण चोर म्हणतो, आणि आमचा आकडा भिंतीच्या आत, सिमेंट लावून, वर टाईल्स बसवून होता.

हे रागावले. "सगळं गाव करतं. तूच एक निघालीस हिशेबनीस." मग म्हणाले, नवीन टाईल्स फोडायच्या का, घरात पुन्हा धूळ करायची का, वर्षाला किती पैसे वाचतात त्यापेक्षा जास्त खर्च होईल. हे शेवटचं खरं होतं. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, तू ठरव, खातं तुझं आहे." दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. मी स्वतःलाही विचारलं, की ही माझी धर्मबुद्धी आहे की चाळीस वर्षांनी सापडलेल्या बी.कॉम.चा अहंकार? खोटं सांगत नाही, दोन्ही थोडं थोडं होतं.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंची सामायिक झाल्यावर मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मीटर, पायऱ्या, लाल दिवा. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे काट्याखाली मेण लावल्यासारखं?" मी म्हटलं, हो, तसंच. त्यांनी ह्यांना हाक मारली. काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी स्वयंपाकघरात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हेच वायरमनला फोन लावत होते.

नशिबाने टाईल्स तीनच फोडाव्या लागल्या. वायरी मीटरपेटीत आणि जिन्याखालच्या बोर्डात बदलता आल्या. वायरमन जाताना म्हणाला, "काकू, असं उलटं काम मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं." तीन टाईल्सचा रंग बाकीच्यांशी जुळला नाही, दुकानात तो लॉट संपला होता. पाहुण्यांना दिसू नये म्हणून हे तिथे शोभेची कुंडी ठेवतात, मी झाडायला घेतली की ती बाजूला होते.

पुढच्या महिन्यात वरच्या मीटरवर शून्य युनिट आली, आमच्या मीटरवर ३२८. बिल अर्थातच वाढलेलं. मी ते सासूबाईंजवळ बसून वाचलं, कारण त्यांना आता दर महिन्याला ते ऐकायचं असतं. ग्राहक क्रमांक, मंजूर भार, मागील वाचन, चालू वाचन, अनामत. त्यांनी मध्येच थांबवलं.

"नाव कुणाचं आहे?"

मी माझं नाव वाचलं, सासऱ्यांच्या आडनावासकट. त्यांनी बिल हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, नीट घडी घातली आणि पत्र्याच्या डब्यात, १९६८ च्या पावतीवर ठेवलं.